भरून आलेला पंख

सोमवार, ३ मार्च

दुरुस्तीच्या पावत्यांचे उरलेले कोरे कागद शिवून ही वही केली आहे. शहाण्णव पानांची झाली. लिहायचं कारण असं की आज एक गोष्ट घडली आणि ती क्रमाने मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सकाळी बाईंनी वर बोलावलं. बाई म्हणजे आमच्या छत्री कारखान्याच्या मालकीण. मी खालच्या दुकानात दुरुस्तीच्या खिडकीवर बसतो. छत्री कुठे मोडली हे पावतीवर लिहायचं असतं. मी लिहितो आणि शेजारी त्या मोडलेल्या जागेचं छोटं चित्रही काढतो, म्हणजे नंतर वाद नको. बाईंच्या टेबलावर अशा पावत्यांची चळत होती. 

"ही सगळी तू काढलीस?"

"हो. पण शाई माझी स्वतःची आहे."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "वटवाघूळ काढशील?"

आमच्या पोटमाळ्यावर वटवाघळं राहतात. बाईंच्या सासऱ्यांच्या वेळेपासून आहेत आणि बाईंनी त्यांना कधी हुसकावलं नाही. बाईंचा स्वभावच तसा आहे. मोडकी छत्री टाकून देऊ देत नाहीत, मुठींसाठी नवं झाड तोडू देत नाहीत, जुन्या खुर्च्या-टेबलांचं लाकूड आणवतात. आता त्यांना प्रत्येक नव्या छत्रीला एक कार्ड बांधायचं आहे. पुढे वटवाघळाचं चित्र, मागे चार ओळी, की ही छत्री जिथे बनते तिथे हेही राहतात.

धाकटे मालक, म्हणजे बाईंचे दीर, तिथेच बसले होते. दुकानाची विक्री ते बघतात. म्हणाले, "वहिनी, माणूस दुकानात छत्री घ्यायला येतो, भुताला भेटायला नाही."

"बघू या की, भावोजी."

"बघू याच. दोनशे कार्डं छापा. आठवडाभर मी काउंटरवर उभा राहतो. गिऱ्हाईक बिचकलं, तर पिल्लं उडून गेल्यावर पोटमाळ्याला जाळी ठोकायची आणि तिथे कापडाचे तागे ठेवायचे. मी जाळी आणून ठेवली आहे. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

म्हणजे वटवाघळं राहणार की जाणार, हे आता माझ्या चित्रावर आहे. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. चित्रकलेत मला कधी पन्नासच्या वर मिळाले नाहीत.

गुरुवार, ६ मार्च

पेन्सिली तासल्या. अकरा झाल्या. चित्र नाही.

आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अरे, एखादं रंगीत पाखरू काढ की. ते काळं तोंड कशाला?"

"पाखरू पोटमाळ्यावर राहत नाही."

"मग पाखरू ठेवायचं तिथे."

आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पण तिच्या कपाळावर आठी पडली ती मी पाहिली. गिऱ्हाइकांच्या कपाळावर पडेल तीही अशीच असणार.

मंगळवार, ११ मार्च

आज मार्ग सापडला! मुठवाल्या काकांनी दाखवला. काका आमच्याकडे सर्वांत जुने, छत्रीच्या मुठी वळवतात. मी पाच दिवस कोरा कागद घेऊन बसलेला पाहून म्हणाले, "एवढं काय अवघड आहे रे? वटवाघूळ म्हणजे काळी छत्री. काड्या आणि कापड. आणि मधे उंदीर."

किती सोपं! मी लगेच कंपास काढला. काड्यांची लांबी सारखी, दोन काड्यांमधलं अंतर सारखं, कापडाचा ताण सारखा. मुसळासारखी सरळ रेघ एकही नाही, सगळ्या हलक्या बाकाच्या, जशा चांगल्या छत्रीच्या असतात. सांधे एका ओळीत. डावा पंख उजव्यावर बसतो का ते कागद दुमडून तपासलं. केसाचाही फरक नाही.

इतकं नीट चित्र मी आयुष्यात काढलेलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

लिहायला लाज वाटते, पण क्रम सोडणार नाही.

दर शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजातून एक बाई वटवाघळं मोजायला येतात. बाई म्हणण्याइतक्या मोठ्या नाहीत, असतील माझ्याच वयाच्या, फार तर एखाद्या वर्षाने मोठ्या. कारखान्यात सगळे त्यांना मोजणीवाली म्हणतात. हातात एक टिकटिक यंत्र असतं. एक वटवाघूळ बाहेर पडलं की एकदा दाबायचं. मालकीणबाईंच्या सांगण्यावरून मी त्यांना चित्र दाखवलं.

त्यांनी चित्र हातात घेतलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्या कापडाच्या ताग्यावर बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "माफ करा हं. पण हे वटवाघूळ उघडून तुम्हाला बाजारात जाता येईल."

मी चित्र परत घेतलं. माझे कान गरम झाले होते.

"रागावू नका. कागद द्या. हात ठेवा इथे. बोटं फाकवा."

मी हात ठेवला. त्यांनी पेन्सिलीने माझ्या हाताची कड काढली. हात हलू नये म्हणून तेवढा वेळ माझं मनगट धरून ठेवलं. खरं तर मी लहान मूल नाही, मी हात हलवला नसता. नंतर त्यांनी त्या आकृतीतली बोटं लांबवत नेली, मधलं सर्वांत लांब, अंगठा मात्र छोटासाच, टोकाला नखी. आणि बोटांच्या मधे कातडी ओढली. माझ्या डोळ्यांसमोर माझा हात वटवाघळाचा पंख झाला.

"काड्या नाहीत त्या," त्या म्हणाल्या. "हात आहे."

चार दिवस मी कंपासाने छत्री काढत होतो. घरी आल्यावर ते चित्र फाडणार होतो, पण कागद चांगला आहे, मागची बाजू वापरता येईल. हाताचा कागद वेगळा ठेवला आहे. संदर्भासाठी.

शुक्रवार, २१ मार्च

मोजणीवाली म्हणाल्या की चित्र काढायचं तर वटवाघळांना बाहेर पडताना बघायला हवं, आणि बघताच आहात तर मोजाही, दोन मोजण्या असलेल्या बऱ्या. अंगणात लाकडाच्या दोन रिकाम्या पेट्यांवर बसलो. उजेड कमी व्हायला लागला तशी छपराखालच्या फटीतून एक बाहेर पडलं, मग दोन, मग ओतल्यासारखी. मी वहीत पाच-पाचाच्या रेघा मारत होतो.

माझे एकशे सत्त्याऐंशी भरले. त्यांच्या यंत्रावर एकशे चौसष्ट.

"तेवीस कुठे गेली?" मी विचारलं.

"माझं लक्ष दुसरीकडे होतं."

"कुठे? सगळी तर त्याच फटीतून येत होती."

"तुमचाच आकडा लिहा," त्या म्हणाल्या.

इतकं शिकलेल्या माणसाने असा निष्काळजीपणा करणं बरं नाही. मी तसं स्पष्ट बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की म्हणूनच पुढच्या शुक्रवारीही तुम्ही हवेत. ते बरोबरच आहे.

शनिवार, २९ मार्च

काल जे पाहिलं ते आज लिहितो.

पोटमाळ्याच्या जिन्यावर एक वटवाघूळ पडलं होतं. मोजणीवालींनी जाड हातमोजे घातले आणि ते उचललं. मला वाटलं मेलं. तर त्याने तोंड उघडून त्यांच्यावर आवाज केला, तेल नसलेल्या बिजागरीसारखा बारीक.

"जवळ या. चावणार नाही. म्हणजे मला चावेल, तुम्हाला नाही."

मी गेलो. जिना चढताना घाबरलो होतो, पण त्यांच्यासमोर कसं थांबणार? त्यांनी दुकानातला छोटा तराजू मागवला. कापडी पिशवीत घालून त्याला एका पारड्यात ठेवलं, दुसऱ्या पारड्यात मी रिकामी पिशवी आणि छत्रीची एक काडी ठेवली. पारडी सारखी झाली. एका काडीएवढं वजन. त्यात डोळे, कान, दात, पोट, आणि दरवर्षी एक पिल्लू पोटाशी धरून वाढवायची ताकद.

मग त्यांनी पंख हळूच उघडून खिडकीच्या उजेडात धरला. तो काळा नाहीच. उजेडात तो आंब्याच्या कोवळ्या पानाच्या मागच्या बाजूसारखा तांबूस तपकिरी दिसतो आणि त्यात केसाएवढ्या शिरा पसरलेल्या असतात. आणि तिथे, करंगळीच्या आणि पायाच्या मधे, मला एक रेघ दिसली. फिकट, थोडी सुरकुतलेली, बोटाच्या पेराएवढी.

"ही कसली?"

"कधीतरी फाटला असेल. तारेत, नाहीतर मांजराने."

"मग कुणी शिवला?"

"कुणीही नाही. भरून येतो आपोआप. काही आठवड्यांत."

मी सहा वर्षं फाटकी छत्री शिवतो आहे. मागून पट्टी, आत दुहेरी टाका, वर मेण. तरी माझी शिवण हात लावला की कळते. ही रेघ मी आणखी जवळून पाहिली. अशी सफाई मला साधायची नाही.

त्याला थोडं साखरपाणी पाजून संध्याकाळी जिन्याच्या खांबावर ठेवलं. खांबावर चढलं, थांबलं, आणि गेलं. आम्ही मोजायचं विसरलो. दोघंही. ही चूक माझ्याकडून पहिल्यांदाच झाली आहे.

बुधवार, २ एप्रिल

चित्र सुरू. बोटं माझ्या हाताच्या कागदावरून घेतो. तो कागद रोज उघडून समोर ठेवावा लागतो.

मंगळवार, ८ एप्रिल

प्रश्न असा आहे की ती रेघ काढायची की नाही. हे विक्रीचं कार्ड. नव्या छत्रीला बांधायचं आणि त्यावर फाटून भरलेला पंख? धाकटे मालक म्हणतील, नवा माल विकतो आहेस की जुना? नीट, स्वच्छ पंख काढला तर कुणाचं काही म्हणणं नाही. पण मग ते मी पाहिलेलं वटवाघूळ नसेल. मुठवाल्या काकांचं असेल.

आईला विचारलं. तिने पहिल्यांदाच चित्र डोळ्यांजवळ धरलं. म्हणाली, "तोंड इतकं वाईट नाही रे. कान तर बघ, केवढाले." मग बोट त्या रेघेच्या जागी नेऊन म्हणाली, "इथे तू खोडलं आहेस. का खोडलंस?"

मी ती रेघ पुन्हा काढली.

शुक्रवार, ११ एप्रिल

चित्र बाईंना दिलं.  धाकट्या मालकांनी चष्मा वर करून बघितलं. "हा डाग काय आहे? छापणाऱ्याला सांगा, पुसून टाकेल."

"डाग नाही," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला. "पंख फाटला होता. भरून आला आहे."

"पण काढायचा कशाला?"

"होता म्हणून."

बाईंनी कार्डाच्या मागचा मजकूर माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "चित्र असंच जाईल. हा मजकूर तपास, तुझं शुद्धलेखन चांगलं आहे." दोन चुका निघाल्या. दोन्ही धाकट्या मालकांच्या होत्या. मी ते बोललो नाही, फक्त दुरुस्त केल्या.

शनिवार, १९ एप्रिल

कार्डं आली. दोनशे. मी सगळी तपासली; सहा वाकडी कापलेली होती. सोमवारपासून काउंटरवर. मला आजपासूनच जेवण जात नाही. आई म्हणाली, "वटवाघळापेक्षा तूच जास्त लटकला आहेस."

सोमवार, २१ एप्रिल

माझी खिडकी काउंटरच्या मागे आहे, सगळं ऐकू येतं. वहीत तीन रकाने केले आहेत: बिचकले, बोलले नाहीत, आवडलं. आजचा हिशेब: बिचकले तीन. बोलले नाहीत नऊ. आवडलं एक, पण ते आजोबा होते आणि त्यांना वाटलं की ते खारीचं चित्र आहे.

बिचकलेल्यांपैकी एका बाईंनी "ईऽऽ" म्हणून कार्ड छत्रीवरून कात्रीने कापायला लावलं आणि काउंटरवरच ठेवलं. धाकट्या मालकांनी मान फिरवून माझ्या खिडकीकडे पाहिलं. पोटमाळ्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेलं जाळीचं भेंडोळं मला इथूनही दिसत होतं.

मंगळवार, २२ एप्रिल

आज एका गिऱ्हाइकाने विचारलं, "याच्या पंखाला काय झालंय?" खिडकीमागे माझी सुई थांबली. धाकटे मालक म्हणाले, "फाटला होता. आमच्याकडेच असतं ते, वर. आपोआप भरून आला म्हणे."

"आपोआप?"

"हो ना. आम्ही इथे शिवून शिवून मरतो."

ते गृहस्थ हसले. धाकटे मालकही हसले. माझ्या रेघेवर हसले, हे उघड आहे. वहीत कुठल्या रकान्यात घालू ते कळेना. त्यांनी छत्री घेतली, म्हणून "बोलले नाहीत" मध्ये घातलं, जरी ते बोलले होते.

गुरुवार, २४ एप्रिल

धाकटे मालक आता कुणी विचारण्याआधीच बोट ठेवून ती रेघ दाखवतात. आज सात जणांना दाखवली. दरवेळी गोष्ट लांबते. सकाळी तारेत अडकून फाटला होता, दुपारी वादळात, संध्याकाळी घारीने धरला होता आणि तरी सुटून आला. मी मधे जाऊन सांगणार होतो की कशाने फाटला हे नक्की माहीत नाही, पण धीर झाला नाही. लोक कार्ड उजेडात धरून बघतात. एका बाईंनी घरची जुनी मोडकी छत्री आणली, म्हणाल्या, ही पण भरून देता का. माझं काम वाढलं आहे.

माझी चूक अशी चारचौघांत दाखवली जाते आहे आणि मी खिडकीत बसून ऐकतो आहे. रेघ काढायला नको होती का?

शनिवार, २६ एप्रिल

आठवडा संपला. बिचकले एकूण आठ. बाकीचे रकाने मोजायची वेळच आली नाही, कारण कार्डं संपली. सहा वाकडी होती तीसुद्धा. ज्या बाईंनी कार्ड कापलं होतं, त्यांचं कापलेलं कार्डही कुणीतरी काउंटरवरून नेलं.

दुकान बंद करायच्या वेळेला धाकट्या मालकांनी मला हाक मारली. "ए चित्रकार, इकडे ये. ते भेंडोळं उचल."

मी उचललं. त्यांनीच शिडी लावली. मोजणीवालीही आल्या होत्या, आज शुक्रवार नसताना. त्यांना कुणी बोलावलं कोण जाणे. मी म्हणालो, "मालक, पिल्लं अजून उडत नाहीत. तुम्ही कबूल केलं होतं."

"ठाऊक आहे मला. तू टोक धर."

पण त्यांनी जाळी छपराच्या फटीवर ठोकली नाही. पोटमाळ्यात, जिथे वटवाघळं लटकतात त्याच्या खाली, दोन हात अंतर सोडून, खाटेसारखी आडवी बांधली. मोजणीवाली सांगत होत्या आणि ते गाठी मारत होते. वर मऊ जुनं छत्रीचं कापड अंथरलं. आईच्या अंगावरून निसटलेलं पिल्लू आता खाली फरशीवर पडणार नाही, जाळीत पडेल, आणि आई येऊन उचलून नेईल.

खाली उतरल्यावर त्यांनी हात झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "विकत आणलेली वस्तू. वाया कशाला घालवायची?"

धाकट्या मालकांना काटकसर फार. पण वटवाघळं राहिली. हे वाक्य मी दोनदा वाचलं. बरोबर आहे.

रविवार, २७ एप्रिल

आई माझं टेबल आवरत होती. तिला तो हाताचा कागद सापडला.

"हा हात तुझा. काढला कुणी?"

"मोजणीवालींनी. शास्त्रीय कारणासाठी."

"कडा नीट काढल्यात. घाई केलेली दिसत नाही." ती कागद बराच वेळ बघत राहिली. मग तो परत जिथे होता तिथे ठेवला, नुसता नाही, वहीत घालून. "चहाला बोलाव तिला एकदा."

आईला वटवाघळांची माहिती हवी असेल. आता तिला त्यांच्यात रस वाटायला लागला आहे.

शुक्रवार, ३० मे

महिनाभर लिहिलं नाही. कार्डं पुन्हा छापली, एक हजार. बाई आता मुंगसाचं चित्र मागताहेत, ते कारखान्याच्या कुंपणात असतं. पेन्सिली तासल्या आहेत. चार.

जाळीत एकूण नऊ पिल्लं पडली. नऊही आयांनी उचलून नेली. धाकटे मालक रोज सकाळी शिडी चढून बघतात आणि जाळी कशी टिकते ते बघायला गेलो होतो म्हणतात.

आज पिल्लं पहिल्यांदा उडणार असं मोजणीवाली म्हणाल्या होत्या. आम्ही पेट्यांवर बसलो. मी वही काढली, पेन्सिल काढली. त्यांच्या हातात यंत्र नव्हतं.

"यंत्र?"

"विसरले. तू मोज."

आज त्या मला तू म्हणाल्या. घाईत असतील, असं मी आधी लिहिलं होतं. ते खोडतो. घाई काहीच नव्हती.

आधी मोठी निघाली, ओळखीची, सरळ. मग पिल्लं. ती फटीच्या कडेला येऊन थांबत, पंख अर्धवट उघडत, आत जात, पुन्हा येत. एकाने उडी मारली आणि अंगणात वेडावाकडा गोल घेतला, आमच्या डोक्यावरून इतक्या जवळून गेलं की वारा लागला. त्यांनी माझा हात धरला. मनगट नाही, हात. या वेळी कड काढायची नव्हती, तरी मी हलवला नाही.

दोनशे एकसष्टपर्यंत मोजणी नीट होती. त्यानंतरचा आकडा माझ्याकडून सुटला. वहीत त्याची जागा रिकामी ठेवली आहे.

रविवारी त्या चहाला येणार आहेत.